जर्मन शिक्षकाचे मौन

पुण्यात जर्मन भाषेचा खासगी शिक्षक होण्याचा निर्णय सहसा कोणी स्वतः घेत नाही. तो शेजारीपाजारीच परस्पर घेऊन टाकतात. युरोपीय भाषा-चौकटीने भाषाज्ञानाच्या ए-वन ते सी-टू अशा ज्या सहा पातळ्या आखल्या आहेत, त्यांपैकी चौथी, म्हणजे बी-टू, सोसायटीतल्या कोणी पार केल्याची वार्ता पसरली, की पालकांना त्या व्यक्तीत आयता शिक्षक दिसू लागतो. त्यातच २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याबाबत करार केल्यामुळे या व्यवसायाला सरकारी वजनही आले आहे.

नवा शिक्षक साहजिकच स्वतःला जे कष्टाने आले तेच आधी वाटू लागतो, आणि ते म्हणजे व्याकरण. वस्तुतः मराठी विद्यार्थ्याला व्याकरणाचे भय वाटण्याचे फारसे कारण नाही. मार्क ट्वेन यांनी १८८० मध्ये जर्मन भाषेवर जो प्रसिद्ध उपहासलेख लिहिला, त्यात त्यांनी नामांच्या लिंगांवर आणि वाक्याच्या टोकाला जाऊन बसणाऱ्या क्रियापदावर मनसोक्त तोंडसुख घेतले आहे. परंतु तीन लिंगे आणि शेवटचे क्रियापद ज्याच्या घरचेच आहे, आणि जो पंचवीस म्हणताना जर्मनांप्रमाणेच पाच आधी आणि वीस नंतर मोजतो, त्याला हा आक्रोश थोडा अतिरेकीच वाटावा. जर्मन भाषेत मुलगी नपुंसकलिंगी असते हे ऐकून ज्या वर्गात हशा पिकतो, त्या वर्गातील बहुतेकांना घरी ‘कार्टं’ म्हणूनच हाक मारली जाते.

असे असूनही हा विद्यार्थी बोलत नाही. काल काय केले, एवढे विचारताच त्याची नजर छताकडे जाते. गमनवाचक क्रियापदाला ‘झाइन’ हे साहाय्यकारी लावावे की इतर बहुतेक क्रियापदांप्रमाणे ‘हाबेन’, याचा निवाडा तिथे चाललेला असतो. तो होतो न होतो तोच ‘दाटिव्ह’, म्हणजे ढोबळमानाने आपली चतुर्थी, आडवी येते, आणि ती मोडण्याच्या धास्तीने विद्यार्थी तोंडाला कडकडीत उपास घडवतो. शिक्षकाला मात्र ही शांतता सोसत नाही. तो क्रियापद पुरवतो, मग विभक्ती पुरवतो, शेवटी अख्खे वाक्यच म्हणून टाकतो. आणि पुरेसा वेळ गप्प राहिल्यास शिक्षक उत्तम जर्मन बोलतो, एवढा धडा विद्यार्थी पहिल्या आठवड्यातच पक्का करतो.

मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेला विज्ञानाच्या वर्गांत असे आढळले होते, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि ही उसंत, जिला त्यांनी ‘प्रतीक्षाकाळ’ म्हटले, तीन सेकंदांवर नेली तर उत्तरे लांबतात व सुधारतातही. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. पण व्याकरण जिभेच्या टोकावर असलेल्या माणसाने ते गिळून बसणे ही साधनाच होय, आणि ‘देअर’च्या जागी ‘दी’ ऐकूनही चेहरा हलू न देणे ही तिची पुढची पायरी.

या साधनेची कसोटी ए-टू परीक्षेच्या मौखिक भागात लागते. तिथे दोन परीक्षार्थींना दिवसभराच्या कामांची वेगवेगळी वेळापत्रके देऊन भेटीची वेळ ठरवायला सांगतात, आणि ती सहजासहजी जुळू नये अशीच त्यांची रचना असते. मराठी परीक्षार्थी मात्र भिडेखातर, किंवा लवकर सुटका व्हावी म्हणून, पहिल्याच सूचनेला ‘या, गूट’ म्हणून मोकळा होतो आणि संवाद अर्ध्या मिनिटात आटोपतो. त्यामुळे शिक्षकाला त्याच्याकडून नकार घोटून घ्यावे लागतात: तेव्हा दातांच्या डॉक्टरांकडे जायचे आहे, तेव्हा आजी येणार आहे, तेव्हा पोहायचा तास आहे. भिडस्त माणसाला नकाराची गोडी एकदा लागली, की चतुर्थी मोडल्याचे भान त्याला उरत नाही. मग शिक्षक रविवारी जादा तासाला बोलावतो, तेव्हा छताकडे न पाहता उत्तर येते: ‘लायडर कान इश आम झोनटाग निष्त कोमन’, अर्थात रविवारी येणे जमणार नाही, आणि दुरुस्त करण्याजोगे त्यात शिक्षकाला काही म्हणजे काही सापडत नाही.