हिमनदी दिसते, रेंज दिसत नाही

अलास्काची क्रूझ ठरवताना घरात तीन तट पडतात. बाबांना बाल्कनीची केबिन हवी, आईला व्हेल बघायचे असतात आणि पंधरा वर्षांच्या चिरंजीवांना फक्त वाय-फाय. मग तडजोड म्हणून ‘ओव्हेशन ऑफ द सीज’सारखे अवाढव्य जहाज पसंत पडते. त्यावर बंपर कार आहेत, माणसाला हवेत तरंगवणारे यंत्र आहे. अलास्का काय, बाहेर आहेच. सवड झाली तर बघू.

ग्लेशियर बे मात्र हट्टी. या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला जास्तीत जास्त दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो, त्यामुळे बंपर कार मोजण्याआधी जहाज तिथे जाते का, ते बघावे. 1794 मध्ये कॅप्टन व्हँकुव्हरची माणसे आली तेव्हा हा उपसागर जवळपास पूर्ण बर्फाखाली होता. 1916 पर्यंत बर्फ सुमारे 100 किलोमीटर मागे हटला. उद्यानाचे रेंजर जहाजावर चढून हे समजावतात. मोबाइलला रेंज नसल्याने पोरेही ऐकतात, निदान पहिली दहा मिनिटे.

जहाज कुठून सुटते, तेही बघावे. अमेरिकेतल्या सिएटलहून निघून तिथेच परतणारी जहाजे बहुधा कॅनडातल्या व्हिक्टोरियाला संध्याकाळी काही तास टेकतात. हे पर्यटनप्रेम नव्हे. परदेशी झेंड्याच्या जहाजाला मध्ये परदेशी बंदर घ्यायला लावणारा 1886 चा अमेरिकी कायदा आहे!

शिवाय सिएटलची बरीच जहाजे व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, खुल्या समुद्रातून जातात. ज्यांच्या घरात घाटातही उलटीची पिशवी लागते, त्यांनी सरळ व्हँकुव्हर शहरातून सुटणारे जहाज घ्यावे.