उभी पेन्सिल, आडवा मामा

‘मामा, कुठला संबंध फंक्शन असतो आणि कुठला नसतो?’ अकरावीतल्या भाचीने विचारलं. ‘मला येत नाही’ एवढे तीन शब्द पुरले असते. पण सदाशिव पेठेत जन्मलेल्या माणसाच्या तोंडून ते निघत नाहीत.

मी सुरू झालो. ‘रविवारला रविवार पेठ, सोमवारला सोमवार पेठ, असं थेट शनिवारपर्यंत. प्रत्येक वाराला एक पेठ. हे फंक्शन.’ इथवर बरोबर होतं. इथेच चहा मागवायला हवा होता.

‘आता पिन कोड घे. सदाशिव, नारायण, शनिवार पेठेतली घरं, सगळ्यांना ४११०३०. एका नंबरावर एवढे हक्कदार! हे कसलं फंक्शन?’ वर, १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झालेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखली, हेही ठोकून दिलं. त्याचा इथे काही उपयोग नव्हता, पण वजन पडतं.

‘मग पोस्टाचं काय अडलं?’ भाची म्हणाली. ‘कुठलंही घर सांग, पिन एकच निघतो. हजार घरांना तोच निघाला तरी चालतं. उलटं विचार, ४११०३० म्हणजे कुठलं घर? तिथे अडतं.’

‘आणि पेठेवरून वार?’

‘सदाशिव पेठेचा वार कुठला, मामा? प्रत्येकाला उत्तर हवं, आणि एकच हवं.’

आता आलेखावर मात करू म्हटलं. वाय बरोबर एक्सचा वर्ग, हा वाडग्यासारखा आलेख वहीत होताच. त्यावर मी पेन्सिल आडवी ठेवली. दोन ठिकाणी छेद! ‘एकाला दोन. बाद!’

तिने न बोलता पेन्सिल उभी केली आणि डावीकडून उजवीकडे सरकवत नेली. कुठेही एकच छेद. ‘दोनाचा वर्ग चार, उणे दोनाचाही चार. चालतं.’ मग पाच त्रिज्येचं वर्तुळ काढून एक्स बरोबर तीनपाशी पेन्सिल उभी धरली. वर चार, खाली उणे चार. ‘बाद हे होतं.’

‘कळलं,’ मी म्हणालो.

‘मग पिन कोड फंक्शन आहे?’

‘आहे.’

‘मघाशी नाही म्हणालास. एकाच प्रश्नाला दोन उत्तरं. मामा, तू फंक्शन नाहीस, नुसता संबंध आहेस.’