चौथा गुरुवार, पहिला गुरुवार

थँक्सगिव्हिंग हा अमेरिकेचा सण. नाशिकमध्ये तो गंगापूर रोड, इंदिरानगर, नाशिकरोड अशा भागांत, एक तरी लेकरू अमेरिकेत नोकरीला असलेल्या घरांतून साजरा होतो. साजरा होतो तो फोनवर. घरात त्याला मूळ नावाने कोणी ओळखत नाही. ‘त्याची गुरुवारची सुट्टी’ हे रूढ नाव. भिंतीवरच्या कॅलेंडरात तो छापलेला नसतो. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, दुधाचे खाडे आणि सिलिंडर लावल्याची तारीख यांच्या मधल्या जागेत बॉलपेनाने त्याची नोंद सापडते: ‘सुट्टी, ४ दिवस, निवांत बोलणे’.

सणाचा मुहूर्त नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. प्लिमथच्या वसाहतीतल्या इंग्रजांनी १६२१ साली पीक हाती आल्यावर तिथल्या वाम्पानोआग लोकांसह मेजवानी केली, तिच्यात त्याचे मूळ सांगतात. १८६३ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, अब्राहम लिंकन यांनी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला. १९३९ मध्ये नोव्हेंबरात पाच गुरुवार आले. सण महिनाअखेरीला गेला तर नाताळच्या खरेदीला दिवस कमी पडतील, ही व्यापाऱ्यांची चिंता फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी मनावर घेतली आणि सण आठवडाभर अलीकडे ओढला. काही राज्यांनी ऐकले, काहींनी नाही. एकाच देशात दोन थँक्सगिव्हिंग झाले. हा इतिहास ऐकून नाशिकची आई मुळीच चकित होत नाही. ‘म्हणजे स्मार्त आणि भागवत,’ एवढे म्हणून ती विषय संपवते. १९४१ च्या कायद्याने चौथा गुरुवार कायम झाला आणि तिकडचा वाद मिटला. एकादशीचा मिटायचा आहे.

तारीख इंग्रजी असली तरी घरात तिथी पाहिली जाते, आणि अडचण तिथून सुरू होते. २०२३ मध्ये हा गुरुवार कार्तिकी एकादशीला आला. तिकडून मसाला चोळलेल्या टर्कीचा फोटो यावा आणि इकडे पानात भगर आणि शेंगदाण्याची आमटी असावी, अशी ती वेळ. अशा वेळी फोन पालथा ठेवतात. २०२२ आणि २०२५ मध्ये तर अमेरिकेचा चौथा गुरुवार हाच मार्गशीर्षाचा पहिला गुरुवार ठरला. त्यातून २०२५ मध्ये आदल्या दिवशी चंपाषष्ठी, म्हणजे ओझरला खंडेरावाची यात्रा आणि घरोघरी, चातुर्मासभर वर्ज्य असलेल्या वांग्याचे भरीत. दुसऱ्या दिवशी लगेच उपास. अमेरिकेतल्या माणसाला एका जेवणासाठी चार दिवसांची सुट्टी लागते. इथे दोन दिवसांत भरीत, उपास आणि नैवेद्य उरकून भांडीही घासून होतात.

मार्गशीर्षातल्या गुरुवारी चौरंगावर कलश, पाच झाडांच्या डहाळ्या, देवीचा मुखवटा आणि पाच फळे अशी मांडणी असते. फुलबाजारात त्या सकाळी शेवंतीचा भाव विचारायचा नसतो, नुसता द्यायचा असतो. संध्याकाळी कहाणी, आरती, नैवेद्य. नोव्हेंबरात अमेरिकेतली घड्याळे तासभर मागे गेलेली असल्याने नाशिक आणि न्यू जर्सी यांच्यात साडेदहा तासांचे अंतर पडते. इथे रात्रीचे आठ, तेव्हा तिथे सकाळचे साडेनऊ. फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा करतात. डबा काठोकाठ भरलेला लागतो. अर्धा असला तर तो हळूहळू मागे सरकतो आणि मुलाला आईवडिलांऐवजी पंखा दिसू लागतो.

मुलाच्या मागे टीव्हीवर मेसीजची मिरवणूक चालू असते. १९२४ मध्ये सुरू झालेल्या या मिरवणुकीत घराएवढे फुगे न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून नेतात. वडील ती लक्षपूर्वक पाहतात आणि ‘ढोल नाही का रे?’ असे विचारतात. ढोल नसलेली मिरवणूक नाशिककराला वाहतूक कोंडी वाटते. मग हवामान. निफाडचा पारा किती उतरला, हे वडील सांगतात. मुलगा म्हणतो, ‘इथे चाळीस आहे.’ वडील म्हणतात, ‘बाप रे, एवढं ऊन?’ त्यानंतर फॅरनहाइट आणि सेल्सियस यांवर चर्चा होते. ती दरवर्षी होते.

सणाचे मुख्य पक्वान्न टर्की. सात किलोचा गोठलेला पक्षी फ्रिजमध्ये सुटायला तीन-चार दिवस घेतो, म्हणून त्याला सोमवारीच फ्रीझरबाहेर काढावे लागते. रविवारच्या मिसळीसाठी शुक्रवारीच मटकी भिजत घालणाऱ्या घराला यात नवल वाटत नाही. तिकडच्या मराठी घरात टर्कीचे आयुष्य साधारण तीन वर्षांचे असते. पहिल्या वर्षी ती अमेरिकन पद्धतीने भाजतात. बाहेरून करपते, आत बर्फ राहतो. दुसऱ्या वर्षी तिला दही आणि आले-लसूण लावतात. तिसऱ्या वर्षी तंदुरी चिकन येते. शाकाहारी मंडळींसाठी बाजूला छोले असतात, ते सगळ्यांत आधी संपतात.

बाकीच्या ताटाची नाशिकला ओळख करून द्यावी लागत नाही. मका, बटाटा, लाल भोपळा ही मुळात अमेरिका खंडातलीच पिके. समुद्र ओलांडून ती इकडे आली आणि इथलीच होऊन गेली. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात क्रेटच्या क्रेट उतरणारा टोमॅटोही त्यांच्याच गावचा. भोपळा, साखर, दालचिनी, जायफळ घालून भट्टीत भाजलेल्या पंपकिन पायचे वर्णन आई शांतपणे ऐकून घेते आणि निकाल देते: ‘म्हणजे घारगेच. तळायचा कंटाळा.’

सणाची दुसरी शाखा पुण्यात, हिंजवडीला असते. धाकटी मुलगी तिथल्या कंपनीत काम करते. तिच्या कंपनीचा ग्राहक अमेरिकेतली बँक असेल, तर त्या आठवड्यात तिकडून मेल येत नाही, रात्रीच्या मीटिंगा रद्द होतात आणि ती बुधवारीच लॅपटॉप घेऊन नाशिकला येते. सुट्टी नसते आणि कामही नसते, या अवस्थेला वर्क फ्रॉम होम म्हणतात. ग्राहक दुकानांची साखळी असेल, तर सारे उलटे. थँक्सगिव्हिंगचा दुसरा दिवस ब्लॅक फ्रायडे, म्हणजे सवलतींचा. गर्दीने वेबसाइट कोसळू नये म्हणून धाकटीची टीम रात्र जागवते. थोरला तिकडे जेवून सोफ्यावर आडवा होतो आणि एअर फ्रायर मागवतो. ती ऑर्डर नीट जावी म्हणून बहीण इकडे पहाटे चारला डोळे चोळत बसलेली असते. दोघे एकाच दुकानात असतात, एक गल्ल्याच्या पुढे, एक मागे.

तो एअर फ्रायर पुढच्या उन्हाळ्यात बॅगेतून नाशिकला येतो. अमेरिकेतल्या घरात वीज १२० व्होल्टची, इथे २३०. हा फरक प्लग लावल्यावर समजतो. मग एअर फ्रायर माळ्यावर, आधीच्या खेपेच्या टोस्टरशेजारी जाऊन बसतो. भंगारवाल्याला तो दिला जात नाही. ‘लेकाने आणलाय,’ हे कारण पुरते.

सणाचा मूळ विधी मात्र आभार मानण्याचा. जेवणाआधी प्रत्येकाने आपण कशाबद्दल ऋणी आहोत ते सांगायचे असते. मराठीत आभार हा शब्द घरातला नाही, सभेतला आहे. १८४० मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयात, म्हणजे सावानात, किंवा गोदाकाठच्या वसंत व्याख्यानमालेत तो ऐकू येतो, आणि आभारप्रदर्शन सुरू झाले की श्रोते चपला शोधू लागतात. घरात तो उच्चारणारा माणूस एक तर परका झालेला असतो, नाही तर अडचणीत असतो. म्हणून मुलाने ‘आई, तू केलंस त्या सगळ्याबद्दल थँक यू’ असे म्हटले, की पलीकडे क्षणभर शांतता पसरते आणि मग प्रश्न येतो: ‘पैसे संपलेत का रे?’

ऋण मानण्याची इथली रीत कहाणीत आहे, आणि ती फोन चालू असतानाच वाचली जाते. भद्रश्रवा राजाची राणी सुरतचंद्रिका वैभवाने माजते, दाराशी आलेल्या म्हातारीला हाकलून देते. म्हातारी लक्ष्मी असते. राज्य जाते. त्यांची लेक शामबाला पुढे माहेराहून सासरी जाताना मीठ घेऊन जाते. माहेराहून काय आणलेस, असे नवरा विचारतो. ती अळणी स्वयंपाक करून वाढते आणि मग पानात मीठ वाढते. कहाणी मध्येच सोडून उठायचे नसते, त्यामुळे मुलगाही शेवटपर्यंत ऐकतो. मग त्याला आठवते, की टर्की आदल्या रात्री मिठाच्या पाण्यात ठेवली होती.

‘किती घातलंस मीठ?’ आई विचारते.

‘अंदाजे.’

हे माप अमेरिकेत मिळत नाही. ते त्याने इथूनच नेलेले असते.

शुक्रवारी दोन्हीकडे शिळे खाल्ले जाते. तिकडे टर्कीचे सँडविच, ते रविवारपर्यंत पुरते. इकडे फोडणीची पोळी, ती सकाळी नऊलाच संपते. तिकडचा सण वर्षापुरता आटोपतो. इकडे आणखी तीन-चार गुरुवार बाकी असतात, म्हणून साखरेचा डबा पुन्हा काठोकाठ भरून ठेवतात.