मशीन कुणाचं लावताय, वहिनी?

वहिनी, ते धुणं नंतर घाला वाळत, आधी इकडे कुंपणाशी या. खरं का हो, होळीच्या आधी पाया भरायचा म्हणताय? आणि जेसीबी म्हणे वळणावरच्या त्या पोराचा ठरवलात, तासाला शंभर रुपये कमी घेतो म्हणून? मला कुणी कशाला सांगायला हवं! डहीत चक्कीवर दळण घेऊन उभं राहिलं की गावची सगळी बांधकामं कळतात.

पोरगा वाईट नाही हो. मशीन नवं आहे, चकचकीत आहे, पुढे लिंबू-मिरची आहे. पण एकच मशीन, आणि तेही हप्त्यावर घेतलेलं. म्हणजे काय होतं, ऐका. तुमचं काम दोन दिवसांचं. तिकडून नहराचा नाहीतर सडकेचा ठेकेदार महिन्याचं काम घेऊन आला, की तुमचा खड्डा अर्धा सोडून मशीन त्याच्या साइटवर. हप्ता भरायचाय बिचाऱ्याला, तो तरी काय करेल? पण तुमच्या दारात उघडा खड्डा आणि गल्लीतली कुत्री त्यात. मास्तरांच्या घरी असंच झालं ना गेल्या वर्षी? मास्तरीणबाई रोज फोन लावायच्या आणि तिकडून रोज ‘बस, निकल ही रहे हैं’.

म्हणून आमच्या ह्यांचं म्हणणं, कुक्षीवाल्याकडे जा. त्याच्याकडे तीन-चार मशीनं आहेत, एक बिघडलं तर दुसरं पाठवतो. दर जास्त आहे, कबूल. शिवाय येण्याजाण्याचं वेगळं घेतो, आणि मशीन तासभर चाललं तरी कमीत कमी तासांचे पैसे लावतोच. ते किती तास, हे आधीच विचारून घ्या. आणि डिझेल कुणाचं? दरात डिझेल आणि डायवर दोन्ही धरलेत की नाही, हे साहेबांना स्पष्ट बोलून घ्यायला सांगा. नाहीतर डायवर सकाळी उतरतो आणि म्हणतो, ‘भाभी, खाने का क्या है?’ एक डबा आपण देऊच की, पण रोजचा भत्ता कुणी द्यायचा हे आधी ठरलेलं बरं. बँकेचं कर्ज काढलंय ना? मग पक्कं बिल लागेल, त्यावर १८ टक्के जीएसटी आला. तेही हिशेबात धरा.

आता मीटरची गंमत सांगते. आमच्या दिराच्या घराच्या वेळची. मशीनला तासांचा मीटर असतो, दिसतो मोटारसायकलच्या मीटरसारखा, पण मोजतो तास. शेवटचा आकडा दशांशातला. म्हणजे एक घर सरकलं की सहा मिनिटं झाली. मीटर अडीच तास पुढे गेला, तर तो दाखवणार २.५. डायवरनं वहीत काय लिहिलं? दोन तास पन्नास मिनिटं! वीस मिनिटं वर, आणि तीही रोज. दीर पडले भोळे, सही करून मोकळे. जाऊबाईंनी वही बघितली, तेव्हा कुठे भांडं फुटलं. तुम्ही आपली काम सुरू करताना एक फोटो काढा मीटरचा, बंद करताना एक. आणि डायवर बिडी प्यायला उतरला की इंजिन बंद करायला लावा. इंजिन चालू राहिलं की मीटरही पळतो, मग मशीन खणो नाहीतर नुसतं घुरघुरो.

मुळात वहिनी, मशीन कुणाचंही असो, वर बसलेला माणूस कोण ते बघा. आपली ही काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर घर ठेवून चालत नाही. खाली मुरूम लागेपर्यंत जावं लागतं. चांगला डायवर मुरूम लागला की बकेटच्या आवाजावरून ओळखतो आणि थांबतो. शेवटचं वीतभर मजुरांच्या हातानं साफ करून घ्यायचं असतं. शिकाऊ पोरगं असलं की धडाधड फूट-दीड फूट जास्त ओढून मोकळं. आणि जास्तीचा खड्डा माती लोटून भरता येत नाही, इंजिनियर काँक्रीटच घालायला लावतो. शंभर रुपये वाचवले आणि सिमेंटची पोती वाढली. वर ह्या लोकांची एक खोड असते, ठरवताना पिकल्या मिशांचा डायवर दाखवतात आणि कामाला पाठवतात त्याचा भाचा.

आमचे हे तर मशीन आलं की आधी खाली वाकून बघतात. रात्री उभं होतं तिथे तेलाचा डाग पडलाय का? पडला असेल तर पाइप कुठेतरी गळतोय, दुपारपर्यंत फुटणार. मग बकेटचे दात बघायचे. झिजून बोथट झाले असतील तर तेवढ्याच खड्ड्याला जास्त वेळ, आणि पैसे तर तासाचे! बकेट हातानं हलवली आणि खडखडली, म्हणजे पिना ढिल्या. खड्डा काही सरळ निघायचा नाही. लोक हसतात ह्यांना. हसू देत.

अहो, सरदार सरोवराचे दरवाजे २०१७ ला लागले, २०१९ च्या सप्टेंबरात पाणी १३८.६८ मीटरला टेकलं आणि आपलं निसरपूर बुडालं. वरच्या पुनर्वसन वसाहतीत घर उभं करणाऱ्याला भाव करायला सवड होती का? जे मशीन मिळेल ते लावायचं. तुम्हाला तसली घाई नाही ना, मग चार जणांकडे चौकशी करा. त्या मशीनवाल्यांनी आधी पाया खणून दिलेली दोन घरं बघा आणि घरच्या बाईला विचारा, पुरुष मंडळी आपण फसल्याचं सांगत नाहीत.

हं, कागद! मशीनचा विमा बघायला सांगा. सेठजींच्या गल्लीत बकेट नळाच्या पाइपला लागली आणि दोन दिवस अख्खी गल्ली हापशावर. भरपाई कुणी द्यायची यावरून जुंपली ती अजून मिटलेली नाही. मालक म्हणतो डायवरची चूक, डायवर म्हणतो पाइप कुठे ते दाखवलंच नाही. तुम्ही आधी चुन्याची फक्की टाकून नळाची लाइन आखून द्या, आणि वरच्या विजेच्या तारा डायवरला बोटानं दाखवा.

आणि तारीख जरा अलीकडे घ्या बाई. होळीच्या आधीच्या आठवड्यात भगोरिया. डहीचा हाट म्हणजे गर्दी, ढोल, बासऱ्या. गाव सगळं रस्त्यावर असतं, मजूर कुठून मिळणार? मशीन येऊन उभं राहील आणि तळ साफ करायला माणूस नाही. भगोरिया झाला की होळी, मग लग्नसराई. परवाच्यासारखा अवेळी पाऊस आला तर आणखी उशीर. काळ्या मातीत वाफसा येईपर्यंत मशीन घालायचं नाही, रुतलं तर काढायला दुसरं बोलवावं लागतं, त्याचे तास वेगळे!

काय म्हणालात? तुमच्या बोळातून मशीन येत नाही? साडेसात फूट तरी रुंद असणार ते, कसं येईल? ... आमच्या बाजूनं? हो, आमच्या अंगणातून येईल, आणू द्या. पण मधलं हे कुंपण काढावं लागेल, चार खांब तरी. तारा पुन्हा ताणून द्यायच्या, आणि आमच्या फरशीला तडा गेला तर तो तुमच्या हिशेबात. साहेबांना आजच सांगा, आणि कुक्षीवाल्याला फोन लावाल तेव्हा हेही बोलून घ्या.