धूरसूचकाची बडतर्फी

आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे यंदा जे विषय आले, त्यांत वाहनतळाच्या सनातन कलहाखालोखाल गाजला तो तिसऱ्या मजल्यावरील एका धूरसूचक यंत्राविरुद्ध दाखल झालेला तक्रारअर्ज. आणि ज्यांचा नागरिकशास्त्राचा व्यासंग केवळ पुस्तकी आहे, त्यांनी या खटल्याचे कामकाज मुद्दाम ऐकावयास हवे होते.

आरोप असा की, सदर यंत्राने एका सात्त्विक कुटुंबातील मिरचीच्या फोडणीस अग्निप्रलय समजून ऐन जेवणाच्या वेळी आक्रोश केला. यंत्रासोबतच्या पत्रिकेत ते छतावर, शेगडीपासून किमान दहा फूट दूर आणि पंख्याच्या झोतापासून अलग बसवावे असे स्पष्ट लिहिले होते. परंतु शेगडीच्या अगदी माथ्यावर जुन्या दिव्याचे भोक आयतेच असल्यामुळे नेमणूक तेथे झाली, आणि धुरात उभ्या केलेल्या पहारेकऱ्यास धूर दिसला याचा सर्वांस मनस्वी विषाद वाटला. दुसरा आरोप अधिक गंभीर होता. पहाटे चारच्या सुमारास ते मिनिटामिनिटाला चिवचिवते. बॅटरी क्षीण झाल्याची ती वर्दी असून, पहाटेच्या गारव्याने तिचे उरलेसुरले त्राणही जात असल्याने यंत्रास कंठ फुटण्याची वेळ बहुधा हीच असते, हा खुलासा सभेने दप्तरी दाखल करून घेतला. कुटुंबप्रमुखांनी मात्र तत्पूर्वीच बॅटरी काढून टाकली होती. तेव्हापासून यंत्राची वर्तणूक अत्यंत समाधानकारक आहे, असा शेराही त्यांनी दिला. महिन्यातून एकदा कळ दाबून त्याची हजेरी घ्यावी आणि दहा वर्षे भरताच त्यास निवृत्त करून नवे आणावे, हा नियम कोणी सुचविला नाही. आमच्याकडे मुक्या नोकरास मुदतवाढ मिळण्याचीच वहिवाट आहे.

संस्था म्हणून आमचे कागद निर्दोष आहेत, हे कबूल केलेच पाहिजे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये अग्निशमन व्यवस्था सुस्थितीत असल्याचा परवानाधारक अभिकरणाचा दाखला दर जानेवारीत आणि जुलैत सादर करावयाचा असतो. तो आम्ही करतो. त्याची एक प्रत कार्यालयात, गणपतीच्या तसबिरीशेजारी, चौकटीत लाविली आहे. जिन्यातील सूचकांवर रंगकामाच्या वेळी चढविलेली प्लास्टिकची टोपणे अद्याप तशीच आहेत खरी; पण आग सुशिक्षित असल्यास आधी कार्यालयात येऊन दाखला वाचील आणि वरमून परत जाईल, अशी कार्यकारिणीची श्रद्धा असावी.

इतक्यात एका तरुण सभासदाने उठून न्हाणीघरातील गॅस गीझरचा विषय काढला. ज्वलन अपुरे झाले म्हणजे कार्बन मोनॉक्साइड उत्पन्न होतो, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट आसक्तीने बिलगतो, असे त्याने निवेदन केले. त्यावर एका ज्येष्ठ सभासदाने आपल्या नासिकेची ग्वाही दिली: पन्नास वर्षांत गॅस सुटला आणि आपल्याला कळला नाही असे घडलेले नाही. सिलिंडरच्या गॅसला येणारा दर्प मुद्दाम मिसळलेला असतो आणि या दुसऱ्या वायूस रंग नाही, गंध नाही, हे त्या नासिकेस कोणी कळविले नव्हते. डोके जड होते, मळमळते, गुंगी येते; आणि ज्या घरात प्रत्येक व्याधीचे खापर पित्तावर फुटते, तेथे माणूस झरोका उघडण्याऐवजी सुंठ शोधतो. तो झरोका तर थंडी येऊ नये म्हणून आम्ही मार्गशीर्षातच पुठ्ठ्याने बुजविलेला असतो. गीझर न्हाणीघराबाहेर न्यावा, झरोका मोकळा ठेवावा आणि निजावयाच्या खोलीजवळ या वायूचा सूचक लावावा, अशी त्या तरुणाची दरखास्त होती. ती खर्चिक म्हणून फेटाळण्यात आली. त्यानंतर प्रवेशद्वारी संगमरवर बसविण्याचा ठराव एकमताने संमत झाला.

राहता राहिला मूळ खटला. उपविधींचे मर्मज्ञ म्हणून ख्यात असलेल्या एका सभासदांनी असा कायदेशीर मुद्दा उपस्थित केला की, सर्वसाधारण सभेसदेखील चौदा पूर्ण दिवसांची सूचना द्यावी लागत असता, एका यत्किंचित यंत्राने आगाऊ सूचनेशिवाय सभासदांस एकत्र जमविणे मुळातच नियमबाह्य होय. हा मुद्दा टाळ्यांच्या गजरात मान्य झाला. वाजण्यापूर्वी चौदा पूर्ण दिवसांची लेखी सूचना देणारे धूरसूचक बाजारात मिळते काय याची चौकशी करावी, आणि मिळत असल्यास तीन दरपत्रके मागवावीत, असे फर्मान सचिवांस देण्यात आले.