घरातलाच सदस्य!

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की माणसांसाठी कूलर, वाळ्याचे पडदे, पन्हे असा सगळा सरंजाम सिद्ध होतो. जन्मभर घर राखलेल्या म्हाताऱ्या लॅब्रेडॉरला मात्र मखमली गादी आणि गच्ची! वर कौतुक, ‘आमचा बंड्या घरातलाच हो!’ कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांना. बाकी सगळा कारभार धापा टाकण्यावर, आणि उतारवयात तेही झेपत नाही. यावर मालकांचा रामबाण उपाय म्हणजे केस भादरून फोटो टाकणे. तेच केस ऊन अडवतात, हे सांगायचे कोणी? दिवसभर तापलेली गच्ची रात्रभर धग सोडते. तेव्हा साहेब, बंड्याला खाली आणा, कूलरसमोर ओलसर पोते अंथरा, पाणी जवळ ठेवा. धाप थांबलीच नाही, तर फोटो नको, डॉक्टर गाठा.