अमावास्या, पौर्णिमा आणि इव्हेंट ४१

विंडोज सर्व्हरचा इव्हेंट व्ह्यूअर उघडला की पहिला प्रश्न पडतो, हे मशीन अजून जिवंत कसं? लाल खुणा, पिवळे त्रिकोण, सगळा सुतकी कारभार. मशीन मात्र मजेत असतं. १९९३च्या विंडोज एनटीपासून ही रोजनिशी चालू आहे आणि लिहिणाऱ्याचा स्वभाव रडका आहे.

या रोजनिशीत प्रत्येक प्रकारच्या नोंदीला नंबर असतो. त्यातला १००१६ घ्या. सर्व्हर २०१६वर हा दिवसभर लाल रंगात कण्हत असतो : अमक्या युजरला तमक्या घटकाची परवानगी नाही. होतकरू पोरं लगेच रजिस्ट्रीत शिरून परवानग्या वाटू लागतात. खुद्द मायक्रोसॉफ्ट म्हणतं, हे असंच व्हायचं आहे, खुशाल दुर्लक्ष करा. प्रोग्राम आधी एका पद्धतीने विचारतो, नकार मिळाला की दुसरीने विचारतो आणि काम उरकतो. पुढचं दार बंद असलं की पाहुण्याने वहीत तक्रार लिहावी आणि मागच्या दाराने येऊन चहा प्यावा, तसं. उलट डिस्कला एखादी जागा पुन्हा पुन्हा वाचावी लागली, तर १५३ची नोंद पडते, ती मात्र पिवळी. म्हणजे बोंब पाहुण्याची, कुजबुज दुखणेकऱ्याची.

(फोनवर ‘तुमच्या कॉम्प्युटरात व्हायरस शिरलाय’ सांगणारे भामटे हाच व्ह्यूअर उघडायला लावतात. लाल रंग दिसला की भलेभले पैसे काढतात.)

माझ्याकडे एका पतसंस्थेचा सर्व्हर होता. भर कामात तो अचानक बंद पडायचा, मग आपणच उठायचा. लॉगमध्ये ४१ आणि ६००८. पहिला म्हणतो, मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. दुसरा म्हणतो, आधीचं बंद होणं अनपेक्षित होतं. दोघंही हे शुद्धीवर आल्यावर लिहितात, त्यामुळे कारण दोघांनाही सहसा ठाऊक नसतं. ४१च्या तपशिलात बगचेक कोड शून्य, म्हणजे निळा पडदाही नाही.

“साहेब, अमावास्या-पौर्णिमेला होतंय,” कॅशियरबाई कॅलेंडर पुढे करून म्हणाल्या. तारखा ताडून पाहिल्या. खरंच जुळत होत्या! शिपायाने तर लिंबू-मिरची आणूनही ठेवली होती. पण पुढच्या खेपेला सर्व्हर चतुर्दशीला पडला, नंतर त्रयोदशीला. चंद्राचा पंधरवडा पावणेपंधरा दिवसांचा. आमचं भूत नेमके चौदा पाळत होतं. भूत इतकं काटेकोर असेल तर ते इलेक्ट्रॉनिक असणार.

ते टेबलाखाली होतं. बरेच यूपीएस दर चौदा दिवसांनी आपली आपण परीक्षा घेतात : क्षणभर मेन्सची वीज सोडून बॅटरीवर जातात. आमची बॅटरी केव्हाच मेलेली. यूपीएस परीक्षेला बसायचा, नापास व्हायचा आणि शिक्षा सर्व्हरला. त्याची डेटा केबल सर्व्हरला जोडलेलीच नव्हती, म्हणून लॉगला याचा पत्ता नाही. बॅटरीच्या खर्चाला मंजुरी मागितली तर संचालक मंडळाने विचारलं, “लाल एरर किती आहेत?” मी १००१६च्या साऱ्या नोंदी छापून नेल्या. ठराव एकमताने पास झाला.

नवी बॅटरी बसवली, ४१ थांबला. कॅशियरबाई मात्र अजूनही अमावास्या-पौर्णिमेच्या आदल्या दिवशी न चुकता बॅकअप काढतात. मी त्यांना काही समजावायला गेलो नाही.